खलाशी नसलेला तांडेल

मला काउबॉयचे पिक्चर आवडतात हे कळलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्याकडे नीट निरखून बघतात. पन्नाशीला टेकलेली, बिनलग्नाची, तारापूरच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये दिवसभर बाटल्या हलवणारी बाई. तिनं घरी जाऊन मालिका बघाव्यात, फार तर फार यूट्यूबवर लोणच्याची रेसिपी बघावी. मी मात्र पहिली पाळी संपवून बोईसरच्या माझ्या फ्लॅटवर येते, चहा टाकते, समोरच्या बिल्डिंगच्या पत्र्याची तिरीप डोळ्यांवर येते म्हणून पडदा ओढते आणि हिंदीत डब केलेला एखादा घोडेवाला पिक्चर लावते. धुळीनं भरलेलं गाव, लाकडी घरं, आणि झुलतं दार ढकलून आत येणारा एक माणूस. दाढी वाढलेली, डोळे अर्धे मिटलेले, कमरेला पिस्तूल. तो आत आला की सगळे बोलायचे थांबतात. त्या क्षणाला माझं दिवसभर आखडलेलं अंग सैल होतं.

त्यातही चांगला माणूस मला चालत नाही. छातीवर बिल्ला लावलेला, दाढी केलेला, बायकामुलांत हसणारा अधिकारी आला की मी उठून भांडी घासते. मला तो दुसरा पाहिजे. ज्यानं मागच्या कुठल्या तरी गावात काय केलं ते कोणाला माहीत नाही, आणि जे थोडं माहीत आहे ते बरं नाही. तो गावाला वाचवतो, पण दयेपोटी वाचवतो की कुठला तरी जुना हिशेब चुकता करायला, ते शेवटपर्यंत सांगत नाही. काट्यानं काटा काढावा तसं गाव त्याला वापरतं. आणि तो? तो कोणाला काही समजावत बसत नाही. आमच्या लॅबमध्ये माणूस अर्ध्या दिवसाची रजा घेतो तर त्याची कारणं पाऊण तास सांगतो. माझे नातेवाईक फोन का केला नाही हे सांगायलाच फोन करतात. या माणसाला कोणाला काही पटवून द्यायचंच नसतं. मला वाटायचं, जगावं तर असं.

असं वाटायला एक कारण होतं. असला एक माणूस आमच्या घरात होता, तो म्हणजे माझा बाप.

आम्ही सातपाटीचे. बाप तांडेल होता, म्हणजे बोटीचा कप्तान. समुद्र, वारा, जाळं आणि पाच-सहा खलाशी हे सगळं त्याच्या शब्दावर चालायचं. उंचीनं बेताचा, बोलणं त्याहून बेताचं. आई मात्र पालघरच्या बाजारात मासळी विकायची आणि दोघांच्या वाट्याचं बोलून यायची.

पहिला घोडेवाला पिक्चर मी बापाच्या मांडीला टेकून बघितला. शिमग्याचे दिवस होते. शिमग्याला बोटी किनाऱ्याला असतात आणि गाव घरी असतं. मच्छीमार सोसायटीच्या पटांगणात पालघरहून एक व्हिडिओवाला टीव्ही आणि कॅसेटी घेऊन आला होता. देवाचा पिक्चर लावणार असं सांगून त्यानं माणसं जमवली, पण देवाची कॅसेट मशीनमध्ये अडकली. मग त्याच्याकडे जी दुसरी होती ती त्यानं लावली. ती निघाली इंग्रजी. पटांगणात इंग्रजी येणारं कोणी नव्हतं आणि कोणाचं काही अडलंही नाही, कारण त्यातला मुख्य माणूस बोलतच नव्हता.

गावाला एकच गोष्ट समजेना. हा एकटा का फिरतो?

आमच्याकडे समुद्रावर एकटा माणूस जात नाही. जाळं टाकायला माणूस लागतो, ओढायला लागतो, सुकाणू धरायला लागतो, आणि कोणी पाण्यात पडला तर त्याला वर घ्यायलाही कोणीतरी लागतो. एकटा गेला तो परत येत नाही, हे लहान पोरांनाही ठाऊक. त्यामुळे हा माणूस एवढा ताठ बसलाय, एवढा हुकमी आहे, म्हणजे तो तांडेल असणार यात गावाला शंका नव्हती. मग त्याची माणसं कुठे?

‘अवो, याचे खलाशी कुठं हायत?’ पुढे बसलेल्या एका म्हातारीनं विचारलं. ती सुकी मासळी विकायची आणि गावात तिचा शब्द चालायचा.

‘मागून येतील,’ कोणीतरी म्हणालं.

सगळं पटांगण खलाशांची वाट बघायला लागलं. लांबून धूळ उठली की ‘आले, आले’ व्हायचं. ते शत्रूचे लोक निघायचे. गोळ्या सुटल्या, माणसं पडली, गाव वाचलं, आणि शेवटी तो माणूस घोड्यावर बसून एकटाच डोंगराकडे निघाला. लहान लहान होत गेला. पडदा काळा झाला. व्हिडिओवाला वायरी गुंडाळायला लागला तसा दंगा सुरू झाला. यानं अर्धीच कॅसेट दाखवली! हा पुढचा भाग गाळून पालघरची शेवटची एसटी पकडायला निघालाय! गावाचं एवढं काम करून माणूस न जेवता जाईल होय? त्याची माणसं येतील, त्याला परत आणतील, जेवण होईल, ते दाखव. व्हिडिओवाल्यानं आईची शपथ घेतली. कॅसेट मागे फिरवून शेवटचा भाग परत दाखवायला लावला. तो परत एकटाच गेला.

‘मग त्याचे खलाशी आधीच बुडाले असतील बिचारे,’ म्हातारी म्हणाली आणि पदराला डोळे पुसून उठली.

तेवढ्यावर गावाचं समाधान झालं.  घरी आल्यावर आईनं बापाला विचारलं, कसा होता पिक्चर, तर तो म्हणाला, ‘घोडा चांगला व्हता.’

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. मला ते खलाशी कधीच नको होते. ते आले नाहीत याचाच मला आनंद झाला होता. एवढ्या माणसांच्या गावात, काका वेगळा व्हायच्या आधीच्या, एका खोलीत सात जण झोपणाऱ्या घरात, एकट्यानं चालत जाणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला होता.

पुढे मी पालघरच्या कॉलेजात असताना गावावर ती वेळ आली. दुसऱ्या एका बंदराच्या लोकांनी आमच्या मासेमारीच्या जागेत खुंट मारून आपली जाळी बांधली. खुंटाची जाळी एका जागी उभी राहतात. आमची पाण्याबरोबर वाहतात. वाहतं जाळं त्या खुंटांत अडकलं की फाटून चिंध्या. अर्ज झाले, बैठका झाल्या. बैठकीत सगळे एकदम बोलायचे आणि खुंट काही हलायचे नाहीत. शेवटी एके दिवशी दिवेलागणीला गावातले पाच-सहा मोठे लोक आमच्या ओट्यावर येऊन बसले. आईनं चहा केला. मी दाराआडून ऐकत होते.

‘तुलाच जमंल,’ एक जण म्हणाला. ‘दुसरा कोण हाय?’

बापानं चहा संपवला. मग उठला, बनियन बदलला, भिंतीचा कोयता काढला आणि किनाऱ्याकडे निघाला. मी त्याला वळणापर्यंत बघितलं. एकटा, सावकाश, मागे न बघता. माझ्या छातीत असं काही भरून आलं की तसं नंतर कशानंच आलं नाही. पडद्यावरचा माणूस आमच्या दारातून बाहेर पडला होता.

सकाळी तो परत आला. खुंटाचे दोर तुटले होते, जाळी वाहून गेली होती. पण त्यांची एक होडी तिथे राखणीला होती, आणि तिच्यातल्या एका माणसाचा हात दोरात सापडून कायमचा निकामी झाला होता. कसा, ते बापानं सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही. त्या आठवड्यात आमच्या बोटी पापलेटांनी भरून आल्या आणि गावानं देवीला साडी नेसवली.

मग समेटाची बैठक बसली. ते बंदर काही परक्यांचं नव्हतं. आमच्या मुली तिकडे दिलेल्या, तिकडच्या इकडे आलेल्या. पाण्यात राहून माशाशी वैर किती दिवस करणार? त्या बैठकीत आमच्या लोकांनी सांगितलं, आम्हाला यातलं काही ठाऊक नाही, ते त्याचं एकट्याचं काम. बापाला विचारलं. तो म्हणाला, हो, माझ्या एकट्याचं.

गावानं त्याला वाळीत वगैरे टाकलं नाही. तेवढं धाडसही कोणी केलं नाही. फक्त आमच्या ओट्यावर बसायला येणारी माणसं येईनाशी झाली. लग्नाचं आमंत्रण यायचं, पण आग्रह यायचा नाही. पुढच्या मोसमात त्याच्या बोटीवर चढायला खलाशी मिळेनात. कोणाची बायको आजारी, कोणाला दुसरीकडे शब्द दिलेला. गरज सरो आणि वैद्य मरो. मग त्यानं बोट सोडली आणि दुसऱ्यांची फाटकी जाळी शिवायला घेतली. तेव्हापासून तो ओट्यावर एकटा बसून जाळी शिवतो. माणसं जाळं टाकून जातात, शिवलेलं घेऊन जातात, आणि दोन्ही वेळा त्यांना घाई असते.

आई या सगळ्यावर जे बोलायची ते मी हसण्यावारी न्यायचे. मी घरी असताना टीव्हीवर कधी असला पिक्चर लागला की ती चूल सोडून दारात उभी राहायची. ‘असला मरद पडद्यावर बरा,’ म्हणायची. ‘तो डोंगरापल्याड गेला की तुमचं संपलं. आमाला बगा, आमी डोंगरापल्याडच रातो.’ पिक्चर जिथे संपतो तिथून पुढचं ती रोज जगत होती. तिच्याशी बाजारात बोलणाऱ्या बायका गावात मान फिरवायच्या. ती गेली तेव्हा सगळं गाव आलं, रीतसर रडलं आणि रीतसर गेलं.

मी मात्र बापाचं एकटेपण मिरवलं. तो माझ्या दृष्टीनं मोठा होता कारण त्याला कोणी लागत नव्हतं. मलाही कोणी लागणार नाही असं मी ठरवून टाकलं. दोन स्थळं चांगली होती, ती मी मोडली. बोईसरला फ्लॅट घेतला. कंपनीत माल नापास करायचा असला की साहेब लोक मला पुढे करतात, कारण माझं तोंड असं आहे की समोरचा वाद घालत नाही. मी जाते, नापास म्हणते, परत येते. ‘मैडम से बात मत करना, मैडम सीधा गोली मारती है,’ असं आमचे सालवडला राहणारे हेल्पर नव्या पोरांना सांगतात हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडलंही होतं. दुपारी डबा मी माझ्या टेबलावर एकटी खाते. बाकीच्या चौघी खिडकीपाशी बसतात. पूर्वी त्या बोलवायच्या.

दर रविवारी मी बापाकडे जाते. बोईसरहून पालघर, पालघरहून शिरगावच्या सुरूच्या बनाजवळून जाणारी सातपाटीची एसटी. दुपारी पोचते, त्याची औषधं बघते, कपडे धुते, चहा होतो, आणि उन्हं उतरायच्या आत परतीची बस धरते. सोमवारी पहिली पाळी असते. आम्ही फार बोलत नाही. तो जाळं शिवतो, मी शेजारी बसते. मी येते तेव्हा तो ‘आलीस’ म्हणतो आणि जाते तेव्हा मान हलवतो. न बोलणाऱ्या माणसाला न बोलणारी मुलगी, असा तो व्यवहार मला नामी वाटायचा.

त्याचं वय झालं तसं एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात येऊ लागली. ओट्यावरून कोणी जायला लागलं की बापाची सुई थांबायची. माणूस पुढे गेला की परत चालू व्हायची. मग एकदा मी विचारलं, कोणाची वाट बघतोस का? तर म्हणाला, ‘नाय. बसतील का म्हणून बघतो.’ त्यानं हे अगदी साधं सांगितलं. त्याला मरायच्या आधी एकदा गावानं आपल्यात बसवायला हवं होतं. बाकी त्याला काही नको होतं. आणि ते मला त्याला कुठून आणून देता येणार होतं? माणसं काही पालघरच्या बाजारात मिळत नाहीत.

या वर्षी दिवाळी होऊन गेल्यावर परत खुंटांची भानगड सुरू झाली. दुसरं बंदर, दुसरे लोक, पाणी तेच. वलांड्यांवर, म्हणजे बांबूच्या मांडवांवर, बोंबील वाळत होते आणि त्यांच्यामधून चालत येताना मला दिसलं की आमच्या ओट्यावर चपला आहेत. तीन जोड.

आत तीन तरुण बसले होते. त्या जुन्या पाच-सहा जणांपैकी एकाचा नातू त्यांच्यात होता. बापानं धुतलेला सदरा घातला होता. केस पाण्यानं चापून बसवले होते. त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी दारातच थांबले.

‘ये बाय,’ तो म्हणाला. ‘पावणे आलेत. चहा टाक.’

आमच्याच गावातली पोरं, त्यांना तो पाहुणे म्हणत होता.

मी चहा टाकला आणि तेव्हासारखीच दाराआडून ऐकायला लागले. पोरांनी मोबाइल पुढे केला. त्यात बापाचा जुना फोटो होता, कडेनं लाटा, वर वाघाचं डोकं, खाली ‘दर्याचा राजा’ असं काहीबाही लिहिलेलं. बापानं मोबाइल हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. ‘हा मी?’ म्हणाला. पोरं हसली. तोही हसला. त्याचे पुढचे दात पडलेत हे मला त्या दिवशी नीट दिसलं.

मलाही बरं वाटलं. खरं तर बरं वाटलं यापेक्षा जास्त वाटलं. इतकी वर्षं मी ज्या माणसाला एकटी ओळखत होते तो या पोरांना ओळखू आला होता. त्यांनीही असलेच पिक्चर बघितले असणार. मी कपात साखर जास्तच घातली.

मग नातवानं विषय काढला. ‘काका, यंदा परत तसाच करावा लागल. काम आमी करू. तुमी फकस्त म्हणायचं, मी करवला.’

‘म्हंजे?’

‘म्हंजे उद्या पोलीस आले तर तुमचा नाव पुढं करू. तुमचं वय बगून तुमाला कोण काय करतंय? आमचं लगीन व्हायचंय, नोकऱ्या हायत.’

माझ्या हातात ट्रे होता. मला तो त्यांच्या अंगावर टाकावासा वाटला. पण बापाला राग आलेला दिसेना. तो पुढे सरकून बसला.

‘मंग मी कुठल्या होडीत बसू?’ त्यानं विचारलं.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

‘दोर तोडाया मी नाय येत. हात कापतात माजे,’ बाप म्हणाला. ‘पण सुकाणू धरीन. पानी माजं डोळे मिटून पाठ हाय. तुमी चौघं-पाच जण असाल ना? मना मागं बसवा.’

‘काका, तुमी कशाला येताव? थंडीचं, या वयात... तुमी घरी बसा. तुमचा नाव बस हाय.’

‘नाव बस हाय?’

‘नाव लय मोठा हाय तुमचा.’

 बाप परत म्हणाला, अगदी हळू, ‘मी कोणाला अडचन नाय करनार. कडंला बसीन.’

नातू हसला. वाईट हसला नाही, म्हाताऱ्या माणसाच्या हट्टाला हसतात तसा हसला. त्यानं बापाच्या खांद्यावर हात ठेवला. बापानं तो हात बघितला आणि मोबाइल त्याच्याकडे परत दिला.

‘माणूस नको तर नाव पन नको,’ तो म्हणाला. ‘जा पोरांनो.’

 पोरं गेली. दोघांचा चहा तसाच राहिला. मला त्यांचा संताप आला होता आणि बापाचा अभिमान वाटत होता. मी त्याच्यापाशी जाऊन बसले आणि म्हणाले, ‘बरं केलंस बाबा. तुला कोणाची गरज आहे? तेव्हाही तू एकटा गेलास आणि सगळं निस्तरून आलास.’

बाप माझ्याकडे वळला. 

‘तुला असा वाटतंय?’ तो म्हणाला.

‘म्हणजे?’

‘मी एकटा जानार व्हतो? येडी का खुळी तू? दर्यात एकटा कोण जातंय?’ त्याचा आवाज चढला. माझ्यावर त्याचा आवाज चढल्याचं मला आठवत नाही. ‘वाटंत तीन दारांशी उभा रायलो मी. तुज्या काकाच्या दाराशी पन. म्हटलं, एक जण तरी या बरोबर. नुसता होडीत बसा. कोन नाय आला. काका म्हनला, तू पुढं हो, मी येतो. मी होडी ढकलून पान्यात उभा रायलो, कमरंपर्यंत पानी येईपर्यंत वाट बगितली.’

मी त्याला वळणापर्यंत बघितलं होतं. ती दारं वळणाच्या पलीकडे होती.

‘आनि त्या मानसाचा हात,’ तो म्हणाला. त्यानं स्वतःचे दोन्ही हात पुढे धरले, एक मागे वळवून, एक वर उचलून. ‘एक हात सुकाणूवर, एक हात कोयत्यावर. तो दोर धराया गेला नि दोर आवळला. मना दिसत व्हता. ओरडत व्हता तो. सुकाणू सोडला असता तर होडी त्याच्याच अंगावर गेली असती. बरोबर एक मानूस असता, एकच, तर त्याचा हात सोडवला असता आमी. लोक म्हनतात मी मुद्दाम केला. करू देत. पन मना हात नव्हता गो तिसरा.’

त्यानं हात खाली घेतले. मला रडू आलं. बापासाठी आलं, त्या कोण कुठल्या माणसासाठी आलं, आणि मी जे मोठेपण समजून सगळं आयुष्य बेतलं ते एका घाबरलेल्या माणसाचं पाण्यात वाट बघत उभं राहणं होतं, म्हणूनही आलं. त्याला एकटं जायचं नव्हतं. कोणी आलं नाही म्हणून तो एकटा होता. एवढंच होतं ते, आणि ते सांगायलाही त्याला कोणी भेटलं नव्हतं. मी दर रविवारी त्याच्या शेजारी बसत होते, पण मला तो न बोलणारा आवडत होता ना.

‘मला का नाही सांगितलंस?’ मी विचारलं.

‘तू इचारला नाय,’ तो म्हणाला. आरोप म्हणून नाही, नुसतं म्हणाला.

मग तो उठला, कप आत घेऊन गेला. मोरीत पाण्याचा आवाज आला. बाहेर बायका वलांड्यांवरचे बोंबील काढायला लागल्या होत्या, म्हणजे माझ्या बसची वेळ झाली होती. मी पर्स खांद्याला लावली, चपला घातल्या आणि ओट्यावर उभी राहिले. सोमवारची पहिली पाळी, नापास करायचा एक टँकर, पडदा ओढलेली खोली. मी चपला काढल्या.

स्वयंपाकघराच्या दारात गेले. बाप खाली मांडलेल्या गॅसपाशी पाठमोरा उकिडवा बसला होता. मला एक साधं वाक्य बोलायचं होतं. मी आयुष्यात कोणाला तसं विचारलं नव्हतं. गरज असलेली माणसं विचारतात तसं विचारायचं होतं.

‘बाबा, आज मी राहू का?’

त्यानं मागे वळून बघितलं नाही. तो गॅसवरच्या टोपाचं झाकण सारखं करत होता.

‘इचारतेस काय? भात दोघांचा टाकलाय.’

‘तुला काय माहीत मी राहणार ते?’

‘मना काय म्हाईत? दर आयतवारी दोघांचाच टाकतो मी,’ तो म्हणाला, आणि त्यानं माझ्याकडे पुसायला दुसरं ताट दिलं.